बारावा दोर

एका गावात एक दोरवाला होता आणि त्याच्याकडे एक शेळी होती. गावातल्या पोरांना विचाराल तर ती उलटं सांगायची: एक शेळी होती आणि तिच्याकडे एक दोरवाला होता!

शेळीचं नाव मिरी. काळीभोर, बुटकी आणि तिखट. तिची आई ती दोन दिवसांची असतानाच मेली. दोरवाल्याने तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं. त्यामुळे आपण माणूसच आहोत अशी तिची पक्की समजूत होती, आणि ती दूर करण्याची हिंमत घरात कोणाला नव्हती.

दोरवाल्याच्या अंगणात एका टोकाला फिरकी होती आणि दुसऱ्या टोकाला एक लाकडी फळी. घायपाताचा वाख, म्हणजे पानांतले धागे, आधी हौदात चांगले भिजवायचे, मग एक टोक फिरकीला, एक फळीला बांधायचं आणि फिरकी फिरवत राहायचं. पीळ बसत जातो तसा दोर आखडतो आणि फळी हळूहळू पुढे सरकते. फळीवर वजन लागतं. दुसऱ्या गावचे लोक तिथे धोंडा ठेवत. इथे मिरी उभी राहायची, मान ताठ करून, अंबारीत बसल्यासारखी!

जमिनीवर चुन्याची एक रेघ होती. फळी रेघेला टेकली की मिरी "बेंऽऽ" करून खाली उडी मारायची. म्हणजे पीळ पुरा झाला, आता हात थांबवा. तिचा अंदाज कधी चुकला नाही.

त्या गावात देवीची जत्रा मोठी धडाक्याची असे. बारा गाड्या एकीमागे एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे आणि गावकऱ्यांनी त्या स्वतः ओढत टेकडीवरच्या देवळापर्यंत न्यायच्या, अशी रीत होती. त्यासाठी बारा दोर लागत. पहिला दोर ओढायचा, बाकीचे गाडीला गाडी जोडायचे. गाड्या हलण्याआधी गावची म्हातारी मानकरीण तीन वेळा विचारायची, "दोर पक्का?" आणि दोरवाला तीन वेळा सांगायचा, "पक्का!" मगच गाड्या हलत. त्याच्या बापाने, आजाने, पणजानेही हेच उत्तर दिलं होतं, आणि एकदाही दोर तुटला नव्हता.

जत्रेला आठ दिवस उरले होते. गावातल्या एका गाडीवानाने नवी कोरी गाडी केली होती, आणि नवी गाडी हाती आली की माणसाच्या अंगात वारं शिरतं. त्याने अरुंद गल्लीतून बैल भरधाव सोडले. मिरी दारासमोर ऊन खात बसली होती. चाक तिच्या मागच्या पायावरून गेलं.

दोरवाला धावत बाहेर आला. "अरे थांब! माझी मिरी तुडवलीस!"

गाडीवानाने वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंडातून निघालं भलतंच. "शेळीच ती! दुसरी घे!" आणि गाडी पुढे निघून गेली.

वैद्याने बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. तो म्हणाला, "जीव वाचला. पण हा पाय आता जमिनीला टेकायचा नाही."

दोरवाल्याच्या पोटात आग पेटली. जेवण जाईना, झोप येईना. मिरी तीन पायांवर उठायला बघायची आणि पडायची. ते पाहिलं की त्याच्या कानात तेच शब्द वाजायचे: शेळीच ती, शेळीच ती.

बायको म्हणाली, "अहो, एकदा रडून घ्या."

"रडून काय होणार? त्याला रडवतो की नाही बघ!"

"वाख भिजल्याशिवाय वळू नये, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता. माणसाचं काय वेगळं असतं?"

पण दोरवाल्याला बायकोचं ऐकायचं नव्हतं.

अकरा दोर झाले. बारावा उरला. शेवटची गाडी त्याच गाडीवानाची आहे, हे दोरवाल्याला ठाऊक होतं. त्याच्या मनात आलं, हा दोर वाटेतच तुटला तर? अकरा गाड्या पुढे जातील आणि याची नवी कोरी गाडी मागे एकटी उभी राहील. सगळी जत्रा दात काढेल! हा विचार त्याला इतका गोड लागला की मिरीचा पाय गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

त्याने हौदातला भिजलेला वाख तसाच राहू दिला आणि कोरडा खडखडीत वाख उचलला. फळीवर धोंडा ठेवला. फिरकी गरागरा फिरू लागली. मिरी सावलीत पोत्यावर पडून बघत होती. फळी रेघेला टेकली तशी ती पडल्या पडल्या म्हणाली, "बेंऽऽ."

दोरवाल्याचा हात थांबला नाही. फळी रेघ ओलांडून वीतभर पुढे गेली. कोरडे धागे आतल्या आत कटकट तुटत होते. वरून त्याने चिंचोक्याची खळ चोळली आणि दोर असा चकाकला की बाकीचे अकरा त्याच्यापुढे जुनाट दिसावेत.

रागाच्या भरात त्याने टेकडीच्या चढाचा विचारच केला नव्हता.

जत्रेचा दिवस उजाडला. हलगी कडाडली, सनई वाजली, भंडारा उधळला! रेवड्यांची दुकानं, पिपाण्या, पाळणे, नुसती धमाल! चाकांमागे दगड लावून बारा गाड्या टेकडीच्या चढावर ओळीने उभ्या राहिल्या. मागे उतार, आणि उताराच्या तळाशी तळ्याचा दगडी घाट.

मानकरणीने बारावी गाडी निरखून पाहिली आणि म्हणाली, "काय सुरेख गाडी आहे! यंदा पोरांना हिच्यात बसवा!"

दोरवाल्याने हे धरलंच नव्हतं. दरवर्षी त्या गाडीत फुलांच्या पाट्या असत. पण पोरं तर माकडांसारखी वर चढलीसुद्धा! एक, दोन, पाच, दहा, एकोणीस पोरं!

मानकरणीने हात वर केला. हलगी थांबली.

"दोर पक्का?"

"पक्का," दोरवाला म्हणाला. सवयीने तोंडातून निघून गेलं.

"दोर पक्का?"

दोरवाल्याने चढ पाहिला. मग उतार पाहिला. मग घाटाचे दगड पाहिले. "प... पक्का."

तेवढ्यात बाराव्या गाडीतून एक चिमुरडी ओरडली, "दोरकाका, मिरीला सांगा हं, तिच्यासाठी मी एक रेवडी ठेवलीय!"

"दोर पक्का?" मानकरणीने तिसऱ्यांदा विचारलं. शंभर हात ओढायला सरसावले.

"नाही!" दोरवाला जिवाच्या आकांताने ओरडला. "बारावा दोर कच्चा आहे! पोरांना उतरवा! आधी पोरांना उतरवा!"

एकच गलका झाला. पोरं खाली उतरवली गेली. गाडीवान तणतणत पुढे आला. "खोटं बोलतोय! माझ्या गाडीचा मान याला बघवत नाही! एवढा चांगला दोर!"

दोन पैलवानांनी दोर सोडवला, दोन टोकांना धरला आणि हिसका दिला. ताडकन दोर तुटला! एक पैलवान रेवड्यांच्या परातीत जाऊन बसला. एरवी गाव पोट धरून हसलं असतं. आज कोणी हसलं नाही. सगळे तुटक्या दोराकडे, मग उताराकडे आणि मग पोरांकडे बघत राहिले.

"हे रे काय केलंस?" मानकरणीने विचारलं.

"माझ्या मिरीचा पाय गेला," दोरवाला म्हणाला, "आणि हा म्हणाला, शेळीच ती." आठ दिवस अडवून धरलेलं रडू भर जत्रेत फुटलं. सगळ्या गावासमोर तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

गाडीवानाने मारायला उगारलेला हात खाली आला. तो म्हणाला, "चूक माझी होती. मी घाबरलो आणि भलतंच बोलून गेलो. मी थांबायला हवं होतं."

दोरवाला डोळे पुसत म्हणाला, "तू घाबरून केलंस. मी तर ठरवून केलं."

"बरं, आता दोघंही पुरे करा!" मानकरीण कडाडली. "मला दोर हवाय. दिवस मावळायच्या आत!"

"पण वाख भिजायला वेळ लागतो, आई," दोरवाला म्हणाला.

"वाख भिजलेला आहे," मागून दोरवाल्याची बायको म्हणाली. "तुम्ही नेला नाहीत, मी काढला नाही. तसाच हौदात आहे."

मग काय! सगळी जत्रा दोरवाल्याच्या अंगणात धावली. कोणी वाख पिळला, कोणी बांधला. फळीवर धोंडा ठेवायला दोरवाला वाकला तशी मानकरीण म्हणाली, "धोंडा कशाला? हा आहे ना!" आणि तिने गाडीवानाला फळीवर बसवलं. मिरीला त्याच्या मांडीवर दिलं.

फिरकी फिरू लागली. फळी सरकू लागली. एवढा दांडगा गाडीवान हात जोडल्यासारखा गुमान बसला होता, आणि मिरी त्याच्या नव्या पटक्याचा लोंबता शेव चघळत होती. पोरं टाळ्या पिटत होती, "आली, आली, रेघ आली!"

"बेंऽऽ!"

दोरवाल्याचा हात जिथल्या तिथे थांबला.

दिवस मावळायला टेकला होता. गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या. पोरं पुन्हा चढली, मिरीलाही वर घेतलं. मानकरणीने दोन वेळा विचारलं आणि दोन वेळा दोरवाल्याने सांगितलं, "पक्का!" तिसऱ्यांदा तो तोंड उघडणार, तोच म्हातारीने त्याला अडवलं.

"दोनदा विचारूनही तू खोटं बोललास. तिसरं उत्तर यापुढे तुझं नाही. मिरी, दोर पक्का?"

"बेंऽऽ!"

हलगी कडाडली, भंडारा उडाला आणि बारा गाड्या टेकडी चढल्या. बाराव्या गाडीच्या एका चाकाला दोरवाल्याने खांदा लावला होता, दुसऱ्या चाकाला गाडीवानाने.

मिरीचा पाय काही परत आला नाही. ती लंगडत चालली की दोरवाल्याच्या पोटात अजूनही कधीकधी आग उठे. मग तो फिरकीपासून दूर व्हायचा, हौदाच्या काठावर मिरीला मांडीवर घेऊन बसायचा, आणि रडू आलं तर रडायचा. डोळे पुसल्यावरच तो पुन्हा दोराला हात लावी. गाडीवान गल्लीतून आता बैलांपुढे पायी चालत गाडी नेई, आणि जाताजाता मिरीपुढे सुबाभळीचा पाला टाकी. त्या पटक्याचा उरलेला शेव मात्र तिने पुढच्या जत्रेपर्यंत संपवला.

तात्पर्य: जिवलगाला इजा झाली की राग येणारच, पण रागाच्या हातात काम देऊ नये. आधी दुःखाला डोळ्यांत भिजू द्यावं. कोरडा पीळ तुटतो, आणि तो भलत्याच्याच जिवावर बेततो.