मामाची तिजोरी

भानगिरी महाराज वाघझिरा सोडून गेले असते, तर येसाजी पाटलांच्या पदरात काय पडलं असतं? पंगतीतलं पहिलं पान! दुसरं काही नाही. बालाघाटाच्या कुशीतल्या त्या गावात महाराजांनी धुनी पेटवली आणि पिढ्यान्‌पिढ्या पाटलांपुढे मांडलं जाणारं पान त्यांच्यापुढे गेलं. महाराज त्यातला एक घास घेत आणि बाकीचं पान धुनीची राख काढणाऱ्या भिवराबाईला देत. तो घास दर पंगतीला पाटलांच्या घशात अडके.

पौषात डोंगरापलीकडे शाकंभरी देवीची जत्रा भरे. मंडळी निघाली. पुढे पाटील, मागे डोलीत त्यांची म्हातारी आई. भिवराबाई पाया पडायला आली तेव्हा महाराज म्हणाले, “माय, वाटेत अडलीस तर मामाच्या घरी जा. मामा देईल ते घे. पण त्याच्या तिजोरीला हात लावू नकोस.”

पाटील खो खो हसले. “भिवरे, तुला ना सासर ना माहेर, आणि हा तिजोरीवाला मामा कुठून उगवला गं? आम्हालाही ने की पाहुणचाराला!”

“महाराज म्हणाले म्हंजी असंलच कुठंतरी,” एवढंच ती बोलली.

देवीचं दर्शन झालं. परतीच्या वाटेवर अवकाळी पाऊस असा कोसळला, की पुढचा ओढा फुगला आणि मागचाही. मधल्या टेकाडावर मंडळी अडकली. पाऊस थांबला, पण पाणी उतरेना आणि शिदोऱ्या संपल्या. म्हातारी निपचित पडली. तोंडात घातलेलं पाणी ओठांच्या कडेनं ओघळू लागलं. जन्मात पहिल्यांदाच पाटलांनी दुसऱ्यांच्या फडक्यांच्या गाठी चाचपल्या. भाकरीचा तुकडाही निघाला नाही.

“बोलाव की तुझ्या मामाला!” ते भिवराबाईवर ओरडले. पण या वेळी आवाज चिरकला होता.

महाराजांचं नाव घेत ती उठली आणि उतारावर गेली. थोरल्या पानांचं, खरबरीत सालीचं एक झाड होतं. कुऱ्हाडीच्या जुन्या घावातून काळा रस ओघळून सुकला होता.

“अगं, मामाखाली जाऊ नकोस! अंगावर उतेल!” पाटील ओरडले आणि आपल्याच शब्दानं जागच्या जागी थिजले.

ते झाड बिब्ब्याचं होतं. त्याच्या रसानं अंग सुजतं, फोड येतात. म्हणून वाघझिऱ्यात त्याचं नाव कुणी घेत नसे. भीतीपोटी नातं जोडून त्याला मामा म्हणत. जन्मभर तोंडात असलेला शब्द, आणि कुणाला उमगला नव्हता! ज्यानं थट्टा केली, त्याच्याच तोंडून महाराजांनी तो वदवला.

भिवराबाईनं वर पाहिलं. फांद्यांवर पिकली केशरी बोंडं होती आणि बोंडागणिक टोकाला, परीट ज्यानं कपड्यांवर खूण करतात ते काळं बी. “मामा देतो ती बोंडं,” ती हळूच म्हणाली. “अन् काळी ती तिजोरी.”

खाली पडलेली बोंडं तिनं पानात धरून उचलली. काडीनं बिया सुट्या करून लांब टाकल्या. पाटलांच्या चंचीतल्या चकमकीनं जाळ झाला. कपारीतल्या सुक्या काटक्यांची गरम राख झाली, तशी बोंडं तीत भाजली.

“आधी मी खाते. मला काही झालं तर रडायला कुणी न्हाई.”

तिनं खाल्लं, बराच वेळ वाट पाहिली, मगच बोंड मऊ करून म्हातारीला भरवलं. घास गिळला गेला. डोळे उघडले.

“गोड हाय गं. कुणी दिलं?”

“मामानं, आई.”

इथं पाटलांनी हात जोडायला हवे होते. पण त्यांचा हिशेब वेगळाच चालला होता. आता गाव म्हणणार, भिवरीनं पाटलांची आई वाचवली! पहिलं पान कायमचं गेलं. जत्रेतल्या लाडवात त्यांनी गोडंबी खाल्ली होती. ती या काळ्या बीच्याच पोटात असते, हे त्यांना ठाऊक होतं. आईला बोंडांपेक्षा सरस काहीतरी आपल्या हातचं भरवावं, म्हणून त्यांनी टाकलेल्यातलं एक बी उचलून दातांखाली फोडलं.

तोंडात निखारा पडावा तसं झालं! ओठ उतले, जीभ सुजली, घसा आवळत चालला. “महाराज, धावा हो!” भिवराबाईनं हाक फोडली. पाटलांना तर शब्दही फुटेना. ते मनातच म्हणाले, ‘महाराज, चुकलो. आईला तेवढी घरी पोहोचू द्या.’

आणि काय सांगावं! ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी तशी सूज उतरली. ओढ्याचं पाणीही ओसरू लागलं.

गावात पाऊल टाकताच पाटील थेट धुनीवर गेले. महाराज शांत बसले होते. त्यांचे ओठ काळेनिळे सुजले होते, फोड आले होते. धुनीच्या आसपास तर बिब्ब्याचं झाडच नव्हतं.

“बसल्या जागी उतलं बघा,” जवळच्यांनी सांगितलं. “विचारलं तर म्हणाले, आमच्या एका भाच्यानं तिजोरी फोडली.”

पाटलांनी पागोटं त्यांच्या पायांवर ठेवलं. “माझं दुखणं मला परत द्या, महाराज!”

“घेतलेलं परत करायची आम्हाला सवय नाही, पाटीलबुवा,” महाराज कष्टानं म्हणाले. “आईला जेवायला वाढा.”

परतल्यावरच्या पंगतीत पहिलं पान पाटलांनी स्वतःच्या हातानं भिवराबाईपुढे मांडलं आणि सगळ्या गावादेखत तिच्यापुढे वाकले. म्हातारीला प्राण मिळाला, भिवराबाईला मान, येसाजींना तोंड. आणि महाराजांना? त्या दिवशी त्यांना पाण्याचा घोटसुद्धा गिळवला नाही.