कुठली नखी?

“मग यातली कुठली, अक्का?”

सुकुमार कागवाडेने पेटी उघडून गोदाक्कांच्या पुढ्यात सरकवली. आत मखमल, मखमलीत खाचा आणि खाचाखाचांत नख्या. मँडोलिनची तार बोटाने नाही, चिमटीत नखी धरून छेडावी लागते. या पेटीत शिंगाच्या नख्या होत्या, करवंटीच्या होत्या, नायलॉनच्या होत्या. पातळ, जाड, टोकदार, बोथट. परदेशातून मागवलेली एक तर वेगळ्या डबीत होती. लग्नाच्या मुलीचे दागिनेसुद्धा कुणी इतके जपत नसेल.

गोदाक्कांनी पेटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“एवढ्या?”

“दोन वर्षं जमवतोय.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी... एकच होती.”

गोदाक्का ऐंशीच्या पुढच्या. कृष्णाकाठच्या एका लहान गावात, दत्ताच्या देवळामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. तरुणपणी त्या मेळ्यांतून मँडोलिन वाजवत. त्या काळी बाईमाणसाने मँडोलिन हातात घेतलं की लोक आधी बघायला येत, ऐकायला मागाहून. पुढे त्यांनी शिकवायला घेतलं. पुष्कळ आले, पुष्कळ गेले. टिकला तो सुकुमार एकटा.

आता त्याचं मोठं नाव झालं होतं. पुण्या-मुंबईला त्याच्या नावावर सभागृह भरत असे. त्यातही त्याच्या कानाचं नाव हाताहून मोठं. साथीदाराचा तबला केसाएवढा उतरला तरी तो वाजवणं थांबवून त्याच्याकडे बघे, आणि साथीदाराला घाम फुटे. हे तो मुद्दाम करत असे असं म्हणणारेही होते. मलाही तसंच वाटतं.

“परवा सांगलीला कार्यक्रम आहे,” सुकुमार म्हणाला. “वरच्या तारेला धार येत नाही, अक्का. मेल्यासारखी वाजते.”

“तारा बदलल्यास?”

“बदलल्या.”

“तारांखालची घोडी?”

“नवीन बसवली.”

“मँडोलिन?”

“हे तिसरं.”

अक्का हसल्या. “नाचता येईना अंगण वाकडं, म्हणत्यात. तुला तर नाचता येतंय की रं. मग सारखं अंगण कशाला उकरालायस?”

सुकुमारही हसला, पण जरा उशिरा. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता.

“माझ्या तोंडाकडं काय बघतोस?”

“काही नाही. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याची सवय लागलीय.”



सुकुमार घाबरलेला होता. बायकोला त्याने ते सांगितलं नव्हतं, साथीदारांना नव्हतं, आणि स्वतःला तर मुळीच नाही. भ्यालेला माणूस देवाला नवस बोलतो. हा नख्या विकत घेत होता, एवढाच फरक.

“वाजव,” अक्का म्हणाल्या.

त्याने शिंगाची नखी घेतली. हात अजून तसाच होता, पाण्यासारखा. अक्कांनी डोळे मिटले आणि क्षणभर त्यांना बरं वाटलं.

“ही कशी?”

अक्का गप्प.

त्याने करवंटीची घेतली. “ही?”

गप्प.

त्याने नायलॉनची घेतली, तीन-चार स्वर वाजवले आणि स्वतःच ठेवून दिली. कपाळावर घाम आला होता.

“काहीतरी बोला, अक्का!”

अक्कांनी हात पुढे केला. त्याने मँडोलिन दिलं.

मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. जोडीतल्या दोन्ही तारा एका सुरात मिळवायच्या. त्यात जराही फरक राहिला तर तो सूर कानाला काचतो. अक्कांनी सगळ्यात वरची, बारीक तारांची जोडी हलकेच छेडली. एक खुंटी पिळली. पुन्हा छेडली. आणखी थोडी पिळली.

“काय केलंत?”

“काय न्हाई. वरची जोडी भांडत होती.”

सुकुमारच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“मी आत्ता मिळवली होती. आत यायच्या आधी. देवळाच्या पायरीवर बसून.”

“आसंल.”

“माझा कान चुकत नाही, अक्का.”

“मी कुठं तसं म्हटलं?”

“वरची जोडी उतरलीय, असं तीही म्हणाली होती...”

“कोण?”

तो थांबला. मग त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज चढत गेला. त्याच्याकडे पद्मजा नावाची मुलगी शिकत होती. गुणी होती. मागच्या महिन्यात तालमीच्या वेळी ती चाचरत म्हणाली, सर, वरची जोडी उतरलीय. चार लोकांसमोर. त्याने तिला तिथल्या तिथे उठवलं आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून सांगितलं. ती रडत गेली. सगळे गेल्यावर त्याने तार मिळवायचं यंत्र लावून बघितलं.

“मग?”

“यंत्र बिघडलं असेल.”

“बिघडलं होतं?”

“दुसरं आणलं...”

घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं, तो आवाज वर येत होता. तो दोघांनाही ऐकू येत होता.

“डोळे मिटतो मी,” सुकुमार एकदम म्हणाला. “तुम्ही वाजवा. पेटीतली कुठलीही नखी घ्या. न बघता ओळखतो. मग तर पटेल?”

“मला काय पटायचं हाय?”

“घ्या, अक्का.”

“नको रं बाबा.”

“घ्याच!”

परीक्षा देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला जड गेली अशी वेळ क्वचित येते. गोदाक्कांना त्या घटकेला भीती वाटली. त्यांनी नवरा जाताना पाहिला होता, दोन भाऊ जाताना पाहिले होते, पण ही भीती त्यांना नवीन होती. त्यांच्याकडे जे काही होतं ते सगळं त्यांनी या एका माणसात ओतलेलं होतं. दुसरं भांडंच नव्हतं.

सुकुमारने डोळे मिटले.

अक्कांनी खालच्या जाड तारेवर एक स्वर छेडला.

“शिंगाची.”

“व्हय.”

दुसरा.

“नायलॉनची. पातळ.”

“व्हय.”

त्याच्या तोंडावर हसू आलं. खांदे सैल पडले. “बघा. सांगत होतो ना.”

अक्का एक जोडी वर सरकल्या.

“करवंटीची.”

त्यांच्या हातात नायलॉनचीच नखी होती. त्यांनी तोच स्वर पुन्हा वाजवला.

“करवंटीचीच,” सुकुमार म्हणाला. “शंभर टक्के. पुढं?”

अक्कांनी नखी बदलली. बारीक तारेवर, दांडीवरच्या अगदी वरच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि छेडलं. हळू, पण स्वच्छ. खोलीतल्या कोपऱ्यापर्यंत गेला तो स्वर.

सुकुमार मान किंचित कलती करून बसला होता. तोंडावर तेच हसू.

अक्कांनी पुन्हा छेडलं.

तो वाट बघत होता.

अक्कांनी नखी तारेवरून उचलली.

“वाजवा की, अक्का,” सुकुमार म्हणाला.

...

“अक्का? मी थांबलोय.”

“वाजवलं,” अक्का म्हणाल्या.

“कधी?”

“आत्ता. दोनदा.”

त्याने डोळे उघडले. हसू अजून तोंडावरच राहिलं होतं, ते कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

“कुठली नखी होती?”

“सुकुमार...”

“कुठली होती ते सांगा!”

“शिंगाची.”

“मग बरोबर आहे. शिंगाची वरच्या पडद्यावर मार खाते. करवंटीची घ्या. माझ्यासमोर वाजवा, बघू दे.”

अक्कांनी करवंटीची घेतली. त्याच्या डोळ्यांसमोर छेडली. हात हलला, नखी तारेवरून गेली.

“जाड घ्या.”

त्यांनी जाड घेतली.

“ती डबीतली. परदेशी.”

डबीतली घेतली. सुकुमार पुढे वाकला, इतका की त्याचं कपाळ मँडोलिनला टेकायला आलं. अक्का त्याच्या मनाजोगतं सगळं करत गेल्या. भ्यालेल्या लेकराला दारामागं काही नाही हे दाखवायला दिवा घेऊन जावं तसं. पण इथे दारामागं होतं.

त्याच्या कानाला सगळ्या नख्या सारख्याच, मुक्या.

शेवटची नखी त्याने स्वतःच त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पेटीत तिच्या खाचेत नीट बसवली. पेटीचं झाकण लावलं. कडी काही केल्या बसेना.

“कधीपासनं?” अक्कांनी विचारलं.

“कानात भुंगा शिरल्यासारखं होतं. दोन वर्षं झाली. मला वाटलं, जाईल. मग भुंगा राहिला आणि बाकीचं जायला लागलं.”

“डाक्टरकडं गेलास?”

“नाही.”

“का?”

“तो सांगेल म्हणून.”

अक्कांनी उठून त्याला पाणी दिलं. तो तांब्या दोन्ही हातांत धरून बसला, प्यायला नाही.

“उद्या जायचं,” अक्का म्हणाल्या. “सकाळी पहिलं काम ते.”

“आणि परवा? परवाचं रद्द करतो. कळवतो, ताप आलाय.”

“मघाशी वाजवलंस ते बरोबर होतं. जोडी तेवढी उतरली होती.”

“ते हात वाजवत होता. पस्तीस वर्षांची सवय आहे त्याला.”

“मग वाजवू दे त्याला. तार ती पोरगी मिळवंल.”

“पद्मजा? तिला मी हाकललंय, अक्का.”

“मग बोलाव.”

“काय सांगून बोलावू? तुझं खरं होतं म्हणून? सगळ्यांना कळेल. उद्या गावभर होईल. कागवाडे बहिरा झाला. ज्यांना ज्यांना मी थांबून पाहिलंय ते सगळे आता मला पाहतील...”

त्याला पुढे बोलवेना. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी तो गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकला आणि कानांवर तळवे दाबून बसला. मग त्याच्या लक्षात आलं की दाबून काही फरक पडत नाही, आणि त्याने घाईघाईने हात काढले. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते बघायला नको होतं असं अक्कांना वाटलं.

बाहेर ऊन उतरलं होतं. देवळात कुणीतरी घंटा वाजवली. सुकुमारने दचकून वर पाहिलं. घंटा ऐकू आली म्हणून त्याला रडू फुटलं.

अक्कांनी त्याला रडू दिलं.

“मी लोकांसाठी कधी वाजवलं नाही, अक्का,” बऱ्याच वेळाने तो म्हणाला. “लोकांना काय कळतं, असंच म्हणत आलो. मी मला ऐकायला वाजवत होतो. आता मलाच ऐकू येणार नसेल तर कुणासाठी वाजवू?”

“परवा मी फुडं बसते.”

“तुम्ही?”

“गाडी धाड. पायऱ्या चढायला दोन माणसं धाड.”

गोदाक्का पाच-सहा वर्षांत गावाबाहेर गेल्या नव्हत्या. देवळापर्यंत जायला त्यांना भिंत धरावी लागे.

“आणि पुढच्या वर्षी?” सुकुमारने विचारलं. “तोवर मधल्या तारा गेल्या तर? मग खालच्या?”

“फुडल्या वर्षीबी फुडंच बसते.”

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. वाकलेली पाठ, मनगटाची हाडं, श्वास घेताना गळ्याशी पडणारा खळगा. जे विचारू नये ते भीती विचारायला लावते. त्याने आवाज खाली आणला, तो इतका की आपण बोललो की नाही हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

“आणि अक्का... तुम्ही नसाल तेव्हा?”

...

अक्कांनी पेटीचं झाकण उघडलं. न बघता आत हात घातला, हाताला लागली ती नखी काढली आणि त्याच्या चिमटीत दिली. त्याची बोटं स्वतःच्या बोटांनी तिच्यावर मिटवली. दोघांचेही हात गार पडले होते.

“तवा मला तरी कुठं ऐकू येणार हाय?” अक्का म्हणाल्या. “वाजव.”