मर लागलेले वाफे

एका गावात एक वयोवृद्ध शेतकरी राहत असत. सारे त्यांना आबा म्हणत. शेतीत नवे काही करून पाहू इच्छिणारी माणसे त्यांच्याकडे शिकायला येत. कौसल्या ही त्यांतली सर्वांत तळमळीची शिष्या.

शेतकऱ्यांनी आपापल्या रानात स्वतःच प्रयोग करावेत म्हणून एका संस्थेने अनुदान देऊ केले, आणि कौसल्येला ते मिळाले. मिरचीच्या वाफ्यांवर उसाचे पाचट म्हणजे वाळलेला पाला अंथरला तर कमी पाण्यात, रासायनिक खताविना पीक येईल का, हा तिचा प्रश्न होता. उताराला पीक चांगले आले. पण खालच्या अंगाच्या सखल वाफ्यांत मर लागली आणि झाडे उभ्याउभ्या वाळून गेली.

संस्थेची माणसे पाहणीला येणार, त्या दिवशी कौसल्या पहाटेच उठून विचार करू लागली. पुढचे अनुदान थांबले तर? तिच्याकडे पाहून गावातल्या आणखी बायकांनी अर्ज केले होते. तिच्यामुळे त्यांनाही नकार आला तर? तिने परसात वाढवलेली मिरचीची झाडे पाटीत भरली. मेलेली झाडे उपटून त्या रिकाम्या जागी ही लावली की कुणाच्या ध्यानातही येणार नाही, असा विचार करत ती झपझप रानात पोचली.

सखल वाफ्यांभोवती काठ्या रोवून आबा प्रत्येक काठीला तांबडी चिंधी बांधत होते. लांबूनही नजर नेमकी तिथेच जावी!

“आबा, हे काय करताय? सगळ्यांसमोर माझं हसं होईल!”

“पाटी खाली ठेव,” एवढेच ते म्हणाले.

तेवढ्यात संस्थेची जीप आली. अधिकारी थेट चिंध्यांपाशी येऊन थांबले. “इथं काय झालं?”

कौसल्येने पाटी खाली ठेवली. तिने आबांकडे पाहिले. शेवटी ती म्हणाली, “चुकलं साहेब. पाणी साचतं तिथंही मी पाचट टाकलं. ओल हटली नाही, मुळं कुजली.”

अधिकाऱ्यांनी नुसतीच मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मात्र प्रयोग पाहायला शेजारच्या गावाहून आलेला एक शेतकरी खाली बसला आणि काळी पडलेली मुळे चाचपू लागला. “ताई,” तो म्हणाला, “माझं तर सगळं रानच पाणथळ. तुमचं ऐकून मी उद्यापासून पाचट अंथरायला घेणार होतो.”

जीप गेली. कौसल्येने हलकेच विचारले, “आबा, आता पुढचं अनुदान मिळेल का हो?”

“ते मला ठाऊक नाही. पण पोरी, ही मदत तुला पीक मिरवायला दिलेली नव्हती, करून पाहायला दिली होती. तुझी चूक दिसली, तर नुकसान तुझ्या रानापुरतंच राहतं. ती झाकलीस, तर तुझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या रानात ती नव्यानं रुजेल.”

कौसल्येची भीती सरली नव्हती. संस्थेचा निरोप येईपर्यंत ती सरणारही नव्हती. तेवढ्यात तो शेतकरी बांधावरून परत निघालेला तिला दिसला.

“दादा, थांबा जरा,” तिने हाक दिली. “मी येते तुमच्याबरोबर. पाणी कुठं साचतं ते आधी बघू.”

आणि पदर खोचून ती त्याच्या रानाच्या वाटेला लागली.