पत्र्याची दुसरी बाजू

“...मग या तिन्हींतली सर्वांत जोरकस कोणती?”

खांबेटे चष्मा पुसत होते.

प्रश्न विचारणारा हृषीकेश आठल्ये सांगलीचा. घरामागच्या शेडमध्ये तो स्वतःच्या हातांनी दोन आसनांचे लहानसे विमान बांधत होता. खांबेटे यांचे आयुष्य विमानांच्या पत्राकामात गेले होते. निवृत्तीनंतर ओझरजवळच्या आपल्या कार्यशाळेत ते येईल त्याला ते काम दाखवत.

टेबलावर तीन रिव्हेट गन होत्या, पत्रे जोडणारे बिनआट्यांचे खिळे, म्हणजे रिव्हेट, हवेच्या दाबाने ठोकणाऱ्या. पहिली आखूड आणि चकचकीत. दुसरी जराशी मोठी. तिसरी लांब, जड, मुठीपाशी रंग उडालेली.

“मिनिटाला सर्वाधिक ठोके पहिलीचे,” हृषीकेश म्हणाला. “मी सगळे आकडे ताडून पाहिलेत, सर. ही तिसरी तर निव्वळ रेंगाळणारी आहे. संग्रहालयात शोभेल.”

“तुमच्याजवळची गन का नको झाली?”

“रिव्हेट वाकडे बसतात. पत्र्याला खळगे पडतात. पंखाचा एक पत्रा टाकून द्यावा लागला. दुसरा त्याच वाटेवर आहे.”

“ठोकळा कोण धरतं?”

विमानाच्या पत्र्यात रिव्हेट बसवणे हे एकट्याचे काम नव्हे. एकजण बाहेरून गनने ठोकतो. दुसरा आतल्या अंगाला, रिव्हेटच्या टोकावर, पोलादी ठोकळा टेकवून धरतो. मध्ये पत्रा असतो. एकाचे हात दुसऱ्याला दिसत नाहीत.

“ताई धरते,” तो म्हणाला. “म्हणजे... धरायची.”

“आता?”

“आता नाही म्हणते. तुझं विमान तू बांध, म्हणते. खरं तर उडायचं वेड मूळचं तिचंच.” मग घाईने त्याने पुस्ती जोडली, “गन चांगली मिळाली की तोही प्रश्न सुटेल.”

“कुठं असतात त्या?”

“बाहेर गाडीत आहे. नाशिकला मावशीकडं आलो होतो आम्ही. आत यायला तयार नाही.”

“मी बोलावलंय म्हणून सांगा.”

कुमुदताई आल्या. पन्नाशीच्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. त्यांनी तिन्ही गनांकडे पाहिले आणि खुर्ची नाकारली.

“यानं माझ्या तक्रारी सांगितल्या असतील.”

“नाही. गनच्या सांगितल्या.”

“म्हणजे त्याच. घरी आम्हा दोघींची नावं तो एकाच सुरात घेतो.”

“ताई!”

खांबेटे उठले. कार्यशाळेच्या मध्यभागी, लाकडी चौकटीत, पुरुषभर उंचीचा ॲल्युमिनियमचा पत्रा उभा बसवला होता. भोकांतून नवे रिव्हेट ओवून ठेवले होते.

“तुम्ही मागं जा,” ते हृषीकेशला म्हणाले. “हा ठोकळा घ्या. बाई, तुम्ही गन घ्या.”

“सर, तिनं आजवर गन हातात धरलेली नाही.”

“तुम्ही ठोकळा धरला आहे?”

हृषीकेश पत्र्यामागे गेला.

खांबेटे यांनी चकचकीत गन कुमुदताईंच्या हाती दिली. गनचे तोंड रिव्हेटच्या माथ्यावर सरळ कसे टेकवावे, घोडा किती दाबावा, हे दाखवले. मग ते बाजूला झाले.

काहीच घडले नाही.

“अगं, ठोक ना!” पत्र्यामागून आवाज आला.

“तू सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं?”

“ठोकळा टेकला, असं.”

“ते सांगायचं असतं?”

कुमुदताईंनी खांबेटे यांच्याकडे पाहिले, मग पत्र्याकडे.

“पहिल्या दिवसापासून सांगतेय रे मी. तू आधी कंप्रेसर सुरू करतोस, मग कानांत बोळे घालतोस, आणि मग माझ्याकडं बघून मान डोलावतोस.”

“...टेकला.”

गन कडाडली. पलीकडे पोलाद पत्र्यावर आपटले.

“आई गं!”

खांबेटे विजेरी घेऊन मागे गेले. रिव्हेटचे आतले डोके एका अंगाला कलले होते. शेजारी पत्र्यावर ठोकळ्याच्या कोपऱ्याचा ओरखडा होता.

“वाकडा बसला,” हृषीकेश म्हणाला. “ताई, तू गन तिरपी धरलीस.”

कुमुदताई मोठ्याने हसल्या.

“पाहिलंत, सर? हा त्या बाजूला गेला तरी चूक माझ्याच बाजूची.”

खांबेटे यांनी गनकडचा माथा तपासला. तो पत्र्याला नीट चिकटला होता. मग त्यांनी विजेरी ओरखड्यावर धरली आणि तशीच धरून ठेवली.

हृषीकेशने ठोकळ्याचा कोपरा पाहिला.

दुसरी गन लावली गेली.

“टेकला.”

ती पहिलीहून थोडी संथ होती. रिव्हेट बसला, सरळ म्हणता येईल इतका नव्हे.

“ही कशी?” खांबेटे यांनी पत्र्यामागे डोकावून हृषीकेशला विचारले.

“हीसुद्धा एकदम अंगावर येते. मनगट सावरायच्या आत संपते.”

तिसरी लावली गेली.

“टेकला.”

कुमुदताईंनी घोडा हलकेच दाबला. एक ठोका पडला. दुसरा. त्यांच्यामध्ये जागा होती. घोडा जसजसा दाबला गेला तसतसा ठोका भरत गेला... आणि थांबला.

“का थांबलीस?”

“तू ‘पुरे’ म्हणालास.”

“मी नुसता पुटपुटलो.”

“दोन ठोक्यांच्या मध्ये ऐकू आलं.”

खांबेटे यांनी विजेरी लावली. रिव्हेटचे डोके सपाट होते, वाटोळे होते, मध्यावर होते. त्यांनी विजेरी बंद केली.

हृषीकेश पत्र्यामागून बाहेर आला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

“तिसरी,” तो म्हणाला. “पण सर, आकड्यांत तर ती सर्वांत मागं आहे!”

“आकडे कोणी मोजले?”

“बनवणाऱ्यांनी.”

“ते कुठल्या बाजूला उभे होते?”

कुमुदताई गन दोन्ही हातांत तोलून पाहत होत्या. बाही मागे सरली होती. डाव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती, आणि ती पट्टी आजची नव्हती.

“ताई, हे... कधीपासून?”

“पहिल्या पत्र्यापासून.”

“बोलली नाहीस.”

“बोलले. कंप्रेसर चालू होता.”

यावर कोणी हसले नाही.

खांबेटे हवेची नळी गुंडाळू लागले. त्या कामाला त्यांनी लावला तितका वेळ लागण्याचे कारण नव्हते.

“रविवारी शेडमध्ये येशील?” हृषीकेशने विचारले.

कुमुदताईंनी गन टेबलावर ठेवली. तिच्या मुठीवरचा उडालेला रंग त्या नखाने खरवडत राहिल्या...

“पंखाचा निम्मा पत्रा अजून उघडा आहे,” तो म्हणाला. “तू नसलीस तर तो तसाच राहील. दुसऱ्या कुणाला बोलवायचं नाही मला.”

“कालपर्यंत बोलवायचं होतं.”

“हो.”

“गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला ठोकळा धरायला विचारूनही आलास.”

“...हो.”

कुमुदताईंनी गन पुन्हा उचलली.

“येईन,” त्या म्हणाल्या. “ही माझ्याकडं राहील.”

हृषीकेशने आधारासाठी खांबेटे यांच्याकडे पाहिले.

“न्या, बाई,” खांबेटे म्हणाले. “पंख पुरा झाला की परत आणून द्या.”

“पण सर, गनसाठी मी आलो होतो. मग मी काय नेऊ?”

खांबेटे यांनी त्याच्या उजव्या मुठीकडे पाहिले. तिच्यात ठोकळा होता. बोटांची पेरे पांढरी पडली होती.

“जे अजून खाली ठेवलं नाहीत, ते.”