उधाणाच्या वरची जागा

कोकणच्या एका किनाऱ्यावर, जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे एक शेकाट्या राहत असे. शेकाट्या म्हणजे काठीसारख्या लांब, तांबड्या पायांचा पाणपक्षी. आपल्या पायांचा त्याला फार अभिमान. त्या वर्षी त्याच्या मादीने पाण्याच्या अगदी कडेला, वाळूतल्या खळग्यात अंडी घातली होती. "जरा वर, वेलींपाशी घरटे करू या," असे तिने आधी सुचवलेही होते. पण तो म्हणाला, "इथे चिखलातले किडे चोचीपाशी आहेत. रोज एवढी वाळू कोण तुडवणार?"

एकदा दिवस मावळताना समुद्रातून एक कासवीण अंडी घालायला वर आली. पाण्यात ती फार चपळ. पण वाळूवर तिला स्वतःचेच ओझे ओढवेना. थोडे सरकावे आणि धापा टाकत थांबावे. वाटेत लाटांनी कापलेला वाळूचा उभा कडा लागला. ती चढू गेली आणि घसरून खाली आली.

"कासवताई, कशाला जिवाला त्रास?" शेकाट्या हसला. "माझे पाय बघ आणि तुझी ही वल्ही बघ! मी चार ढांगांत वर जाईन, तरी इथेच राहतो. तूही इथेच अंडी घाल."

"उधाण इथवर येतं, दादा."

"येईल तेव्हा बघू."

"तेव्हा मी इथे नसेन. माझी अंडी वाळूखाली असतील, त्यांना पळता येणार नाही," कासवीण म्हणाली. "मला वर गेलंच पाहिजे."

ती कड्याच्या कडेकडेने सरकत राहिली. एके ठिकाणी कडा ढासळला होता, तिथून ती इंच इंच वर चढली. वेलींजवळ खोल खड्डा करून तिने अंडी घातली, वाळूने नीट झाकली आणि ती समुद्रात परतली.

पुढे अमावस्येचे उधाण आले. शेकाट्या आणि त्याची मादी चोचींनी वाळूचा बांध घालू लागली. दोन्ही पक्षी ओरडत राहिले, पण एका लाटेने अंडी नेली. मादी रिकाम्या वाळूकडे बघत बसली. शेकाट्याला तिच्या नजरेला नजर देववेना.

"चूक माझी झाली," शेवटी तो म्हणाला. "ऊठ. वर जाऊ."

वेलींपाशी त्यांनी नवा खळगा केला. मादीने पुन्हा अंडी घातली. आता खाण्यासाठी रोज खाली उतरायचे आणि तापलेल्या वाळूतून वर यायचे. "दमलास ना?" मादी विचारी. "दमलो," तो म्हणे, "पण उद्याही जाईन."

पुढचे उधाण गर्जत आले, कड्यावर आपटले आणि खालूनच मागे फिरले. त्यानंतर एका पहाटे वेलींजवळची वाळू हलली. कासवाची इवलीशी पिल्ले बाहेर पडून पाण्याकडे धावू लागली. शेकाट्या ते बघायला उठणार, तोच त्याच्या पोटाखाली एक अंडे तडकले.

तात्पर्य : अंगी बळ किती आहे यापेक्षा, गरज असेल तिथवर जाण्याचा निश्चय आहे की नाही, यावर काम तडीस जाते.