कोकिळाचा गृहपाठ

पाखरांना शाळेची सक्ती होती, तेव्हाची गोष्ट. भारद्वाजबाईंनी गृहपाठ दिला, "उद्या प्रत्येकाने आपापल्या घरची बोली म्हणून दाखवा."

कावळीच्या घरट्यात वाढलेला छोटा कोकीळ धास्तावला. 'काव' म्हटलं तर वर्ग हसणार! त्याने दिवसभर आमराईतल्या कोकिळांकडून 'कुहू' घोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याचं कुहू ऐकून सगळे डोलत होते, तेवढ्यात ससाण्याने झडप घातली. कोकीळ किंचाळला, "काव! काव!" तशी कावळी सारं गणगोत घेऊन धावली. ससाणा पसार!

बाईंनी विचारलं, "मग तुझी बोली कोणती रे?"

कोकीळ लाजत म्हणाला, "गातो कुहूत, बाई. पण घाबरलो की आईच्याच बोलीत ओरडतो."

त्या संध्याकाळी अख्खा वर्ग कावळीकडे शिकवणीला बसला.