पेंढरवळचा बिननावाचा सनईवाला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. तेव्हा मी नव्हतो, आणि ज्यानं मला सांगितली तोही नव्हता. पेंढरवळ गावात एक आंधळा पोर होता. त्याचं नाव काय, असं आता तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच. जरा दम धरा. नावाचीच तर सगळी गोष्ट आहे.

पोराला बाप नव्हता. आई द्वारकी त्याला घेऊन भावाच्या घरी राहायची. भाऊ धोंडू देवळी, रवळनाथाच्या देवळात सनई वाजवायचा. पोर बोलायच्या आधी गुणगुणायला लागला, असं म्हणतात. कोंबडा आरवला की तो कुणाच्या परसातला ते सांगायचा. पाऊल वाजलं की माणूस रागावलाय की भुकेला, तेही ओळखायचा. लोक कौतुक करायचे आणि मागाहून "अरेरे" म्हणायचे. ते अरेरेही त्याला ऐकू जायचं.

पण मामा काही त्याला सनई शिकवीना. म्हणायचा, "पालखी खंय वळली ता बघून चाल बदलूची लागता. तुका ता दिसतला कसा?" त्यानं पोराच्या हाती सूर दिला. सूर म्हणजे सनईच्या मागं एकच स्वर धरून राहणारी नळी. तिला ना चाल, ना वळण. श्वास तुटू न देता तेच ते धरायचं, आणि शाबासकी मिळायची सनईवाल्याला!

आता श्वास न तोडता फुंकायचं, म्हणजे काही खायचं काम नाही. मामानं करवंटीत पाणी घातलं, पपईच्या पानाचा पोकळ देठ दिला आणि बजावलं, बुडबुडे थांबता कामा नयेत. नाकानं घे, गालात साठव, तोंडानं सोड. पोर दिवसभर करवंटी घेऊन बसे. कंटाळला की म्हणे, "आये, तू पण फुंक." मग द्वारकी चुलीपुढं बसल्या बसल्या दुसरा देठ घेऊन फुंकायची आणि इकडं पेज उतू जायची. धोंडू ओरडायचा. मायलेकरं हसून लोळायची.

देवळाच्या खांबाला एक जुनी सनई टांगलेली होती. गावच्या पहिल्या वाजंत्र्याची. तो वाजवता वाजवता मेला आणि सनई त्याच्या हातातून सोडवावी लागली, असं म्हणतात. तिला कुणी हात लावत नसे. पण पोराचा जीव त्या सनईत अडकलेला. एकदा तरी वाजवायची, बस्स.

आणि मग आली गावपळण. तुम्हांला ठाऊक आहे ना? दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, कुणी म्हणता कुणी मागं राहायचं नाही. चूल विझवायची, दार लोटून घ्यायचं आणि व्हाळ, म्हणजे वेशीवरचा ओढा, ओलांडून पलीकडं झोपड्या घालायच्या. ते तीन दिवस गाव त्यांचा. कुणाचा? आमच्या आधी जे इथं राहत होते, त्यांचा. व्हाळाकडून गावाकडं तोंड करून कुणाचं नाव घ्यायचं नाही, एवढा एक नियम फार कडक. कारण नाव आत गेलं की ते उचलतात.

गाड्या निघाल्या. द्वारकीला वाटलं पोर मामाच्या गाडीत आहे. मामाला वाटलं आईजवळ आहे. पोर होता देवळाच्या खांबाआड, श्वास रोखून. गाव रिकामा झाल्यावर अडवणार कोण? आणि काळोखाची भीती त्यानं कशाला धरावी!

व्हाळ ओलांडला तशी द्वारकी म्हणाली, "दादा, माझो झील तुझ्यावांगडा ना?"

"माझ्यावांगडा? माका वाटला तुझ्याकडे आसा."

 ती मागं धावली. चौघांनी तिला धरलं. कौल मिळाल्याशिवाय परत पाऊल टाकलं तर गावावर काय ओढवेल, देव जाणे. गावचा मानकरी, गावकर, ओरडला, "नाव घेव नको गो! काय वाट्टेल ता कर, नाव घेव नको!"

पण आईच ती. तिनं गावाकडं तोंड केलं आणि सगळा जीव एकवटून त्याचं नाव घेतलं. एकदाच.

पलीकडून लगेच उत्तर आलं. तेच नाव, तिच्याच आवाजात.

भर दुपार होती. पोर देवळात उभा होता आणि गावातल्या रिकाम्या घरांतून आई त्याला हाक मारू लागली. शेजारच्या घाड्याच्या ओसरीवरून आई. विहिरीतून आई. त्यांच्या स्वतःच्या माजघरातून आई, अगदी पेज वाढताना हाक मारायची तशी लाडानं. पावलाची चाहूल ओळखणारा पोर तो. कान लावून बसला, तर एकाही हाकेमागं पाऊल नव्हतं. त्यानं कान घट्ट दाबले. नाव बोटांच्या फटीतून आत येतच राहिलं.

तेवढ्यात खांबाजवळ कुणीतरी बसलं. म्हातारा आवाज म्हणाला, "काय व्हया तुका?"

पोर घाबरला होता, पण हौस भीतीपेक्षा मोठी. "सनई शिकव माका."

"शिकवतंय. माका काय देतलस?"

"माझ्याकडे काय नाय."

"नाव आसा मां."

पोर म्हणाला, "घे. माका नको ता." त्या हाकांनी तो इतका पिडला होता बिचारा! नाव दिलं, आणि सगळा गाव एकदम गप्प झाला.

मग पोरानं खांबावरची सनई उतरवली आणि शिकवणी सुरू झाली. म्हाताऱ्याला श्वास नव्हता. वाजवता वाजवता मेलेल्याला कुठला श्वास? पोरानं फुंकायचं, आणि त्याच्या बोटांवर विहिरीच्या पाण्यासारखी गार बोटं ठेवून म्हाताऱ्यानं भोकं उघडायची, मिटायची. श्वास ह्याचा, बोटं त्याची. पालखीच्या चाली, लग्नाच्या चाली, आज कुणालाच येत नाहीत अशा मरणाच्या चाली. पोराला भूक लागली नाही, तहान लागली नाही, असं म्हणतात. त्या सनईतून जे निघत होतं ते ऐकून पोर रडत होता, आणि फुंकतही होता.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आता जातंय. आये वाट बघीत."

गार बोटं उचलली जाईनात. म्हातारा म्हणाला, "जावन काय करतलस? तुझ्या श्वासाबगर माका वाजवूक येणा नाय." आणि पाठोपाठ चारी दिशांनी आई बोलू लागली, "रव रे बाळा, हयच रव, मी हयच आसंय."

तेव्हा पोरानं सनई थांबवली आणि ऐकलं. त्या सगळ्या आवाजांच्या खाली, लांब व्हाळाकडून, एक बारीक स्वर येत होता. एकच. ना चाल, ना वळण. मध्येच कापायचा, पण तुटायचा नाही.

द्वारकी होती ती. नाव घ्यायची चोरी, म्हणून तिनं गाडीतून पोराचा सूर काढला होता आणि व्हाळाच्या काठी बसून फुंकत होती. तीन दिवस. ओठ फाटले, रक्त हनुवटीवर सुकलं, तरी नळी सोडली नाही. चुलीपुढचा खेळ तिच्या कामी आला.

मेलेल्यांना आईचा आवाज काढता येत होता. श्वास काढता येत नव्हता. पोरानं सनई त्या स्वराला लावली आणि वाजवत चालू लागला. गार बोटं त्याच्या बोटांवर बसूनच आली, गल्लीतून, शेतातून, थेट पाण्यापर्यंत. पाणी गुडघ्याला लागलं आणि ती सुटली. उरलेली चाल पोरानं स्वतःच्या बोटांनी वाजवली. धोंडू देवळी ऐकत होता. अशी सनई त्याला उभ्या जन्मात वाजवता आली नव्हती. तो खाली बसला आणि ढसाढसा रडला.

द्वारकीनं नळी टाकली आणि पाण्यात धावली. पोराला छातीशी धरून तिनं तोंड उघडलं.

"माझ्या... अरे माझ्या..."

नाव येईना. ती भावाकडं बघायला लागली. भावालाही आठवेना. गावकराला नाही, बायांना नाही, पोराच्या बरोबरीच्या मुलांना नाही, खुद्द पोरालाही नाही. 

पुढं तो मोठा वाजंत्री झाला. पालखी वळली की त्याची चाल बरोबर वळायची. लांबलांबून बोलावणी यायची आणि निरोप्या म्हणायचा, "पेंढरवळचा तो." द्वारकी मात्र गावातल्या एकेका बारशाला जायची. बाळाला ठेवायच्या आधी रिकाम्या पाळण्यात वाकून एकेक नाव पुटपुटायची. दाराबाहेर सनई घेऊन बसलेल्या लेकाला विचारायची, "ह्या काय रे? ह्या होता?" तो म्हणायचा, "नाय गे आये." ती मरेपर्यंत विचारत राहिली.

ती गेल्यावर पुढच्या गावपळणीत तो एकटा मागं राहिला. नाव परत मागायला गेला, असं म्हणतात. आई आता वर हाक मारील, तर तिला हाक मारायला नाव तरी हवं ना! गावानं व्हाळाकाठी पाळीपाळीनं सूर धरला. तीन दिवस धरला. तो आला नाही.

अजून पेंढरवळच्या गावपळणीत तो सूर धरतात. ज्याला श्वास आहे त्यानं धरायचा, तिथं बाई-पुरुष बघत नाहीत. आणि कुणाचंही बारसं असो, आधी पाळणा रिकामा हलवतात. एकेक बाई वाकून सुचेल ते नाव आत पुटपुटते. मग सगळ्या गप्प होतात, पोरांनाही गप्प करतात, आणि देवळाच्या बाजूला कान लावतात. कुठल्यातरी नावाला तो ओ देईल म्हणून.

अजून दिलेली नाही. पण पाळणा हलवणं काही कुणी सोडलेलं नाही.